भायांचं खाकरणं

१२ जानेवारी १९८७, सोमवार. सकाळपासून मी अंगणात तूर बडवीत होते. वाळलेल्या पेंढ्या जमिनीवर टाकायच्या, शेंगा फुटेस्तोवर काठीनं मारायचं, काड्या बाजूला सारायच्या आणि खालचे दाणे गोळा करायचे. भुसा नाकात जातो, मान खाजते, हात भरून येतात. तरी हे काम मला आवडायचं. कशाला तरी मारायला मिळायचं.

कोतवाल दारात येऊन उभा राहिला. "बाई, गिरदावर सायेब आलेत चावडीत. तुमाला बोलावलंय."

"आत्ता?"

"आत्ता म्हंजे आत्ता. चहा पीत बसलेत. चहा संपंस्तोवर या म्हणले."

महसूल खात्यातल्या मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडे अजून गिरदावर म्हणतात. निजाम गेला, त्याचे शब्द राहिले. हा माणूस येणार हे मला ठाऊक होतं आणि मी त्याची वाटच बघत होते. काठी भिंतीला लावली, साडी झटकली आणि निघाले.

प्रकरण सरळ होतं. माझा नवरा भादव्यात काविळीनं गेला. जमीन दोघा भावांच्या नावावर, निम्मी थोरल्याची, निम्मी ह्याची. ह्याच्या निम्म्याला आता माझं आणि माझ्या दोन मुलींचं नाव लागायला हवं होतं. थोरल्यांनी, म्हणजे माझ्या भायांनी, तलाठ्याला सांगितलं की भावजयीनं तोंडी हक्क सोडलाय, तिला मुलगा नाही, पोरी उद्या आपापल्या घरी जातील, तिला दोन वेळचं जेवण आम्ही घालू. मी काहीही सोडलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. आता गिरदावर मला समोर बसवून विचारणार होता. नाही म्हटलं की काम झालं. विहिरीकडचं निम्मं रान त्या एका शब्दावर अडकलं होतं. रान गेलं तर मी भायांच्या घरातली बिनपगारी गडी होणार होते, आणि माझ्यामागून माझ्या पोरी.

गिरदावर पन्नाशीचा, थकलेला माणूस होता. बशीतून चहा पीत होता. शेजारी तलाठी होता. मी सतरंजीच्या कडेला बसले.

"बाई, तुमचे थोरले दीर सांगतात तुम्ही हक्क सोडलाय. खरं आहे का?"

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. त्याच वेळी बाहेर पायरीवर कुणीतरी खाकरलं.

मी उठून उभी राहिले. पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. हे मी केलं असं म्हणता येणार नाही. ते झालं. मी ठरवायच्या आत माझे पाय, हात आणि मान आपापलं काम करून मोकळे झाले होते. मग काळीज बरगड्यांवर आपटायला लागलं. कानात रक्ताचा आवाज यायला लागला. श्वास आत जात होता पण पुरत नव्हता, म्हणून मी आणखी घेत होते, भराभर. ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या आणि बोटं आपोआप वळून कोंबडीच्या पायासारखी झाली. गिरदावर काहीतरी विचारत होता. भाया आत येऊन बसले. चावडीचं आढं फिरलं आणि मी खाली पडले.

कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. डोळे मिटून पडल्यापडल्या मला भायांचा आवाज ऐकू येत होता.

"बघा सायेब. मी काय म्हणत होतो? हार्टची पेशंट हाय ती. तिला ह्या टेन्शनमधी कशाला घालायलाव? इचारलं तर न्हाई म्हणली का? गप बसली म्हंजे कबूल हाय."

"पडली म्हणजे कबूल, असं नसतं पाटील," गिरदावर म्हणाला. "मी पुढल्या महिन्यात फिरून येतो. बाई बोलायच्या अवस्थेत असतील तर बोलतील. आजारी असतील तर डॉक्टरचा कागद आणा, मग बघू."

भायांना तेवढंच पाहिजे होतं. मी बोलायच्या लायकीची नाही असा कागद.

ज्यांच्या घरात ही रीत नाही त्यांना ती सांगावी लागेल. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. धाकट्या भावजयीनं त्यांच्यासमोर यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही. म्हणून भाया घरात शिरण्याआधी दारात खाकरतात. खाकरलं की बायकांनी हातातलं काम टाकून उठायचं, पदर घ्यायचा आणि भिंतीशी व्हायचं. ह्याला आमच्याकडे अदब म्हणतात. भायांना मला काही सांगायचं असेल तर ते भिंतीला सांगत, बैलाला सांगत. "कुणीतरी पाणी तापवावं," असं ते गोठ्याकडे बघून म्हणत आणि कुणीतरी म्हणजे मी पाणी तापवी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांचा चेहरा नीट बघितला नव्हता. त्यांचे जोडे आणि त्यांचं खाकरणं एवढंच मला ओळखू येत होतं.

भायांनी मला कधी हात लावला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. हात नवऱ्याचा असे. थोरली पोर माझ्या मांडीवर दूध पीत होती तेव्हा एकदा मला उठायला उशीर झाला. भाया दारात पुन्हा एकदा खाकरले, जरा लांबवून. मग आत न येता निघून गेले. संध्याकाळी नवऱ्यानं मला गोठ्यात नेलं. असं बऱ्याचदा झालं. खाकरणं दारात आणि मार गोठ्यात. पुढे मार कमी झाला, कारण मी आवाज पुरा व्हायच्या आत उठायला शिकले होते. लोक म्हणत, धाकटी लय अदबीची हाय.

विद्यापीठाच्या नावावरून पहिल्यांदा मराठवाडा पेटला त्या वर्षी आमच्या गावातल्या दलित वस्तीवरही माणसं चालून गेली. आमच्या घरचे पुरुष त्यात पुढे होते. भाया परत आले, दारात खाकरले, आम्ही जावा उठलो, पदर घेतले, ताटं वाढली. त्यांच्या धोतराला रॉकेलचा वास येत होता. कुणी काही विचारलं नाही. यंदा, म्हणजे हे लिहितेय त्या १९९४ च्या संक्रांतीला, ते नाव अखेर लागलं आणि गावात कुणाचं काहीही बिघडलं नाही. पण वस्तीवरची माझ्या वयाची एक बाई मला अलीकडेच म्हणाली, "तुमच्या भायांचं खाकरणं रस्त्यावर ऐकू आलं की माझी म्हातारी अजून दाराला कडी घालती." म्हणजे ते एकट्या माझ्या काळजात बसलेलं नव्हतं.

चावडीत पडल्यानंतर दोनच दिवसांत भाया मला परभणीला घेऊन गेले. पिंगळी स्टेशनाहून रेल्वेनं. ते डब्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून. स्टेशनाजवळच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. हैदराबादेत शिकलेले, प्रत्येक शेतकऱ्याला पटेल म्हणणारे. त्यांच्या कागदाला कचेरीत किंमत होती, म्हणून भायांनी त्यांना निवडलं होतं.

"काय तकलीफ आहे बेटी?"

भाया खोलीतच माझ्याकडे पाठ करून उभे होते. "हार्टचा त्रास हाय डॉक्टरसायेब. उठली की पडती. माणसांत बसवलं की श्वास कोंडतो. तेवढं लिहून द्या."

"पटेल, तकलीफ कुणाला आहे? तुम्हाला का हिला?"

"ती माझ्यासमोर बोलत न्हाई."

"मग समोरून हटा."

भाया हटले नाहीत. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा चढवला, उतरवला आणि कपाळाला आठी घातली. दाब बराच वर होता. "बघा, म्हणलं न्हवतं का?" भाया म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. मग डॉक्टरांनी त्यांना पडद्याबाहेर बाकावर बसायला सांगितलं, जरा कडकच. पडदा ओढला. मला मुलींची नावं विचारली, कितवीत आहेत ते विचारलं, थोरलीला गणित येतं का ते विचारलं. मी पदराआडून उत्तरं दिली, मग पदर जरा वर घेतला, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. पुन्हा दाब मोजला. उतरला होता. नुसता उतरला नव्हता, ठीक होता. ते माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत बसले.

बाहेर भायांना उशीर वाटायला लागला. ते खाकरले.

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे बघितलं.

"पटेल," त्यांनी हाक मारली, "खांसी आहे का तुम्हाला?"

"न्हाई सायेब."

"तरी पण एकदा खाकरा. जोरात."

फुकटात आपलीही तपासणी होते आहे असं भायांना वाटलं असावं. त्यांनी चांगलं घसा फोडून खाकरलं. माझं काळीज उडालं. डॉक्टरांची बोटं माझ्या मनगटावर होती.

"आणखी एकदा."

ते आणखी एकदा खाकरले. डॉक्टर आवाज न करता हसायला लागले. मला राग आला. माझा जीव जात होता आणि हा माणूस हसत होता.

"दिल घोड्यासारखं आहे तुझं," ते हळू आवाजात म्हणाले. "दिलात काही खराबी नाही. हा खेळ दिमागाचा आहे."

"मी येडी हाय म्हणता का?"

"वेडी असतीस तर पटेलांना बरं झालं असतं. ऐक. दिमागात खोल, दोन्ही बाजूंना, कानाच्या जरा पुढं, बदामाएवढा एकेक चौकीदार बसलेला असतो. सगळ्यांच्यात असतो, माझ्यात पण आहे. त्याला गिरदावर कळत नाही, जमीन कळत नाही. त्याला एवढंच पाठ आहे की हा आवाज आला की पुढं मार आहे. तो तुला विचारायला येत नाही. विचार करायला वेळ लागतो, आणि पायाखाली साप असला तर विचार करत बसणारा मरतो. म्हणून तो परस्पर खाली हुकूम धाडतो. इथं," त्यांनी स्वतःच्या मानेच्या वर, केसांखाली बोट लावलं, "इथं दिमाग उतरून पाठीच्या कण्याला मिळतो. दिल आणि सांस चालवणारे कारकून इथं बसतात. हुकूम आला की दिल तेज, नसा तंग, दाब वर, सांस जोरात. शिवाय गुर्द्यांच्या, म्हणजे मूत्रपिंडांच्या, डोक्यावर दोन गाठी आहेत, त्या रक्तात आपला रस सोडतात आणि आग आणखी भडकते. पळायची किंवा मारायची तयारी आहे ती. तू पळत पण नाहीस, मारत पण नाहीस. भिंतीकडे तोंड करून उभी राहतेस. मग ती सगळी वाफ जाईल कुठं?"

"बोटं वाकडी झाली ती?"

"सांस जादा घेतलीस. तुला वाटलं हवा कमी पडते. हवा कमी नव्हती, गरजेपेक्षा जादा आत-बाहेर झाली. त्यानं रक्तातला हिशोब बिघडतो, बोटं वळतात, दिमागाकडं रक्त कमी जातं, माणूस पडतो."

मी सरळ विचारलं, "हे बंद कसं करायचं?"

"बंद होत नसतं. बंद झालं तर रस्ता ओलांडताना मरशील. चौकीदाराला नवीन शिकवावं लागतं. त्याला बोललेलं कळत नाही, भाषण देऊ नको. त्याला दाखव. आवाज आला आणि काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखव. आणि सांस बाहेर टाक, लांब, सावकाश. आत घ्यायची घाई करू नको, ती आपोआप येते."

"तरी बी काळीज पळालं तर?"

"पळू दे की. दिल पळालं म्हणजे जबान बंद ठेवली पाहिजे असा काही कायदा आहे का?"

पुढं धाकट्या पोरीच्या कॉलेजच्या पुस्तकात मी तो बदाम चित्रात बघितला. डॉक्टरांनी सांगितलं ते साधारण बरोबर होतं. कारकून मात्र चित्रात नव्हते.

भायांना कागद मिळाला नाही. "हिला काही झालेलं नाही, नऊ गावं पळवली तरी पळेल," असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. परत येताना भाया सगळ्या रस्त्यात खिडकीला सांगत होते, "म्हाताऱ्याला ऐकू येईना, नाडी काय कळतीय त्याला. गल्ली चुकली आमची. दुसरा गाठू." पण दुसऱ्याकडे जायचं झालं तर मला न्यावं लागणार होतं, आणि मी जाणार नाही असं मी थोरल्या जावेला सांगितलं होतं. मला उचलून नेलं असतं तर गावानं बघितलं असतं. गावाची भीती भायांनाही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर तूर निवडीत बसले होते. थोरली जाऊ समोर लसूण सोलत होती. दारात खाकरणं झालं. जाऊ उठली. मी उठले नाही.

उठले नाही, हे लिहायला सोपं आहे. माझे गुडघे अर्धे वर आले होते. मी सूप मांडीवर घट्ट दाबून धरलं, म्हणजे उठले असते तर सगळी तूर सांडली असती. काळीज धावत होतं. मी श्वास बाहेर सोडत राहिले, चुलीत फुंकर घालावी तसा. डोक्यावर पदर होता. तोंडावर घेतला नाही.

"अगं ए," जाऊ भिंतीशी उभी राहून दात-ओठ खात म्हणाली, "भाया आले. ऊठ की!"

"येऊ द्या. मी तूर निवडायलेय."

"तोंडावर पदर घे. लाज हाय का विकून खाल्ली?"

"तोंड झाकलं तर खडे दिसत न्हाईत. तुमच्याच दाताखाली येतील."

भाया उंबऱ्यात थांबले. त्यांचे जोडे मला दिसत होते. ते कुणाशी तरी, बहुतेक खांबाशी, म्हणाले, "ह्या घरात आता माणसांनी यायचं का न्हाई?" खांब काही बोलला नाही. मी सुपातला एक खडा टिपला. ते आत निघून गेले. माझ्या पाठीवरून घाम चालला होता. पण गोठ्यात न्यायला आता कुणी नव्हतं. आवाज आला आणि काही झालं नाही. माझ्यातल्या चौकीदारानं ते बघितलं की नाही, मला माहीत नव्हतं. मी तरी बघितलं.

मग रोज. सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेव्हा भाया येतील तेव्हा मी बसूनच. कधी धुणं, कधी भाकरी, कधी नुसतीच. जाऊ आठवडाभर शिव्या देत राहिली. तिची अदब वेगळी होती, ती थोरल्याची बायको, तिला फक्त पदर घेऊन बाजूला व्हावं लागे. पण माझ्या बसण्यानं तिचं उठणं उघडं पडायला लागलं होतं, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

"नवरा मेल्यावर लय मोकळी झालीस गं तू," ती एकदा विहिरीवर चार बायकांत म्हणाली.

"झाले," मी म्हटलं. "तुमी कवा होताल?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जाऊ तिथंच बोंबलत बसली की हिनं माझ्या कुंकवावर जीभ उचलली. उचललीच होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही, आणि घरातला मोठा आवाज बंद झाला.

मला वाटलं, जिंकले. काळीज पहिल्यासारखं उडत नव्हतं, नुसतं जरा हलायचं. मग एके दिवशी मी माजघरात केस विंचरत बसले होते, मान वर केली तर भाया समोर उभे. खाकरले नव्हते. माझ्या उघड्या डोक्याकडे बघत होते, आणि मी त्यांचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं बघितलं. बारीक डोळे, खालचा ओठ लोंबता. सामान्य तोंड. त्यांनी फळीवरून तंबाखूचा डबा घेतला आणि गेले.

तेव्हापासून त्यांनी खाकरणंच सोडलं. अदब तू मोडलीस, तर मीही मोडतो, असा त्याचा अर्थ. न सांगता येऊन उभे राहायचे. न्हाणीजवळ, माजघरात, माझ्या पाठीशी. आधी निदान इशारा होता. आता माझं अंग सगळा वेळ कान टवकारून बसलेलं असायचं. रात्री झोप लागेना. डॉक्टरांच्या सगळ्या शिकवणीवर त्यांनी बोळा फिरवला. भायांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नसेल, पण भीती कशी पेरायची हे त्यांना कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं. मी दाराला घुंगराची दोरी बांधली. त्यांनी ती तोडली. मी पुन्हा बांधली, ती त्यांनी पुन्हा तोडली. मग मी सरळ दाराशीच अंथरूण-पांघरूण आणि काम घेऊन बसायला लागले, उंबऱ्याकडे तोंड करून. यायचं तर माझ्या डोळ्यांसमोरून या.

फेब्रुवारीत गिरदावर आला. ह्या वेळी भाया माझ्या आधी जाऊन बसले होते, दोन भाऊबंद बरोबर घेऊन. मी गेले, त्यांच्या समोर बसले, दोन्ही तळहात मांडीखाली घातले. बोटं वळलीच तर कुणाला दिसू नयेत आणि उठायला पटकन टेकू मिळू नये.

"तब्येत कशी आहे बाई?"

"बरी हाय."

"डॉक्टरचा कागद?" गिरदावरानं भायांकडे बघितलं.

"डॉक्टर लिहून देईना. पण सगळ्या गावाला ठाऊक हाय, हिचं डोकं ठिकाणावर न्हाई. घरात कुणापुढं काय करायचं ह्याचं भान ऱ्हायलं न्हाई. इचारा कुणाला बी."

"मी त्यांनाच विचारतो. बाई, तुम्ही तुमच्या नवऱ्याच्या वाट्याचा हक्क सोडलाय का?"

आणि भाया खाकरले. इतके दिवस दाबून ठेवलेलं, घसा भरून, चावडीच्या भिंतींना लागेल असं. त्यांनी ते ह्या वेळेसाठी राखून ठेवलं होतं.

काळीज धावत सुटलं. कानात रक्त, गुडघ्यांत उठायची उबळ, सगळं पहिल्यासारखं. महिनाभर मी जे शिकवलं ते कुठं गेलं कोण जाणे. तळहात मांडीखाली होते ते बरं झालं. मी श्वास सोडला. सगळा सोडला. आत आपोआप आला तेवढ्यावर बोलले.

"न्हाई."

आवाज कोंबडीच्या पिलासारखा निघाला.

"मोठ्यानं बोला, मला लिहायचंय."

"मी हक्क," श्वास, "सोडला न्हाई," श्वास, "आन सोडणार न्हाई. माझ्या पोरींचा बी न्हाई."

भायांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी शब्द काढला. "ए! कुणापुढं बोलायलीस, कळतंय का तुला?"

"कळतंय की. तुमच्याचपुढं बोलायलेय, भाया."

एक भाऊबंद हसला आणि लगेच गप झाला. मी भायांकडे बघत होते. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती, मला तिथून दिसत होती. नाकपुड्या फुगल्या होत्या, कपाळावर घाम होता, आणि श्वास चढ चढल्यासारखा भराभर चालला होता. त्यांच्यातला चौकीदारही उठून बसला होता तर. मला त्यांची कीव आली नाही. बरं वाटलं.

गिरदावरानं लिहिलं, वाचून दाखवलं आणि माझी सही घेतली. थोरल्या दिराची तक्रार नामंजूर, वारसाची नोंद मंजूर, असं तो तलाठ्याला म्हणाला. अक्षर माझं इतकं हललं की सही माझी वाटतच नव्हती. "चालतं," गिरदावर म्हणाला आणि त्यानं कोतवालाला चहा सांगितला. मोजणी करून वाटा तोडायचा तर वेगळा अर्ज करावा लागेल, असंही तो म्हणाला. त्याला कित्येक महिने लागले, ती कटकट वेगळी.

घरी येऊन मी पाणी प्यायले आणि पडून राहिले. अंग ठणकत होतं, दिवसभर दगड फोडल्यासारखं. पोरींनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, रान आपलं झालं, आता मला झोपू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुऱ्हाड घेऊन विहिरीकडच्या रानात गेले. मोजणी होईस्तोवर माझं निम्मं कुठपर्यंत ते मला दाखवायचं होतं. नाल्याकाठच्या बाभळीच्या फांद्या तोडल्या, ओढत आणल्या आणि विहिरीपासून नाल्यापर्यंत रानाच्या मधोमध काट्यांची ओळ टाकायला सुरुवात केली. भाया पलीकडच्या धुऱ्यावर, रानाच्या बांधावर, येऊन उभे राहिले. मी दुसरी फांदी ओढली.